शब्दविभाजन (इंग्रजी)

लांब इंग्रजी शब्द वाचण्यासाठी व लिहिण्यासाठी त्याचे लहान भाग पाडण्याची पद्धत. हे भाग दोन प्रकारचे असतात : उच्चारानुसार पडणारे अवयव आणि अर्थानुसार पडणारे घटक (उपसर्ग, मूळ शब्द, प्रत्यय). प्रत्येक अवयवात एकच स्वरध्वनी असतो. ‘इंटरनॅशनल’ या शब्दाचे अवयव पाच (इन्-टर्-नॅ-श-नल्), तर घटक तीन (इंटर, नेशन, अल). प्रत्यय लागल्यावर ‘नेशन’चा उच्चार ‘नॅशन’ होतो. मात्र स्पेलिंग कायम राहते. त्यामुळे स्पेलिंग व अर्थ समजण्यास घटक, तर उच्चारास अवयव उपयोगी पडतात.

मराठीत लिखित अक्षर व उच्चारित अवयव नेहमी जुळत नाहीत. ‘परंडा’ या धाराशिव जिल्ह्यातील गावाच्या नावात दोन्ही तीन, ‘पुस्तक’मध्ये अक्षरे तीन, अवयव दोन (पुस्-तक्). मराठीत घटक जोडताना मूळ शब्दाचे लिखित रूपही बदलू शकते : परंडा, पण परंडेकर. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तेथील विद्यार्थ्यांना अशा मराठी उदाहरणांवरून विभाजनाची ओळख करून देता येते.