खाजेच्या मुळाशी : प्राण्यांच्या त्वचारोगशास्त्रात पाऊल ठेवताना

कुत्रा रात्रभर पंजे चाटत राहतो, कान झाडतो, सोफ्याच्या कडेला अंग घासतो. घरचे आधी शॅम्पू बदलतात, मग कुणीतरी सांगितलेले कडुनिंबाचे पाणी वापरून बघतात. शेवटी दवाखान्यात एक इंजेक्शन होते आणि दोन-तीन आठवडे सगळ्यांना शांत झोप लागते. त्यानंतर खाज परत येते. हे चक्र घरी सोसणारे पालक आणि तेच दवाखान्याच्या टेबलावर रोज पाहणारे तरुण पशुवैद्य, दोघांचेही या विषयात मनापासून स्वागत आहे.

पशुवैद्यकातली ही शाखा वयाने लहान आहे. परागकणांची ॲलर्जी माणसासारखी कुत्र्यालाही होते, हे अमेरिकेत विटिच या डॉक्टरांनी १९४१ मध्ये नोंदवले. म्युलर आणि कर्क यांचा लहान प्राण्यांच्या त्वचारोगांवरचा ग्रंथ १९६९ चा. अमेरिकेत या विषयाला स्वतंत्र तज्ज्ञशाखा म्हणून मान्यता मिळाली ती १९८२ मध्ये. आपले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासून आहे. त्वचेसाठी वेगळा वेळ काढणारा वैद्य मिळायला मुक्या जनावरांना फार थांबावे लागले.

असा वेळ लागतोच. कारण पिसू असो, खरूज असो, बुरशी असो की धूळ, कातडी लाल होते, केस गळतात आणि दुखणे जुने झाले की ती काळी, जाड पडते. नुसते पाहून कारण कळत नाही. ॲलर्जीचे निदान कोणत्याही एका तपासणीने होत नाही. बाकीची कारणे एकामागून एक दूर करत तिथवर जावे लागते. रक्ताच्या तपासणीचा छापील अहवाल हाती आला की निदान झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात धूळ-परागांची ती तपासणी निदान पक्के झाल्यावर, ॲलर्जीवरच्या लशीत काय घालायचे हे ठरवण्यासाठी असते. अन्नाच्या ॲलर्जीसाठी तर रक्त, लाळ किंवा केस तपासून मिळालेल्या निकालावर विसंबता येत नाही.

म्हणून आधी जागा पाहायच्या. शेपटीच्या बुंध्याशी आणि कमरेवर खाज असेल, तर पिसवांचा संशय पहिला. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात, तेव्हा अंगावर पिसू दिसली नाही म्हणून ती शक्यता सोडता येत नाही. कानाच्या कडा आणि पायांची कोपरे खरबरीत झाली असतील आणि घरातल्या माणसांनाही पुरळ उठत असेल, तर खरूज तपासायची. पंजे, काखा, पोट, कान, तोंडाभोवतीचा भाग आणि सहा महिने ते तीन वर्षे या वयात झालेली सुरुवात, हे वातावरणातल्या ॲलर्जीचे नेहमीचे चित्र. मांजराचे वेगळे असते. ते चाटून चाटून पोटावरचे केस घालवते आणि घरचे त्याला सवय समजतात.

मग काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. त्वचा हलके खरवडून, चिकटपट्टी लावून घेतलेल्या नमुन्यात माइट, जिवाणू किंवा मॅलॅसेझिया हे यीस्ट सापडते. हा संसर्ग आधी आवरला, तर कित्येकदा बरीचशी खाज तिथेच उतरते.

सगळ्यांत अवघड टप्पा जेवणाचा. कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एखादे प्रथिन, नाहीतर हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकड्यांत मोडलेल्या, प्रथिनांचे खास अन्न, किमान आठ आठवडे द्यायचे आणि दुसरे काहीही नाही. आपल्या घरांत चिकन-भात, दूध-पोळी, दही रोजचेच. आणि कोंबडी, दूध, गहू हे कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत वारंवार सापडणारे पदार्थ आहेत. आजोबांनी चहाबरोबर दिलेला बिस्किटाचा तुकडा किंवा मांसाच्या चवीची जंताची गोळीसुद्धा प्रयोग बिघडवते. आठ आठवड्यांनंतर खाज कमी झाली, तर जुने अन्न पुन्हा देऊन बघायचे. ती परत आली तरच कारण सिद्ध झाले. इथे सगळे घर एकमताने वागले पाहिजे.

आता तज्ज्ञ शोधायचा कसा? आपल्याकडे पदवीनंतर पशुवैद्यक औषधशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करून त्वचेच्या रुग्णांवर भर देणारे डॉक्टर असतात. नोंदणी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आहे ना, एवढे आधी विचारावे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करता येते. लांबच्या गावी राहणाऱ्यांनी आपल्याच डॉक्टरांमार्फत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जो पहिल्या भेटीत बराच वेळ प्रश्न विचारतो, नमुना घेतो आणि ‘हे आयुष्यभर सांभाळायचे दुखणे आहे’ असे स्पष्ट सांगतो, त्याच्यावर माझा भरवसा बसतो. जाताना आधी दिलेल्या औषधांची नावे व तारखा, खाज सुरू झाल्याचा महिना आणि चट्ट्यांचे फोटो न्यावेत. चालू स्टिरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नये.

तोवर घरगुती उपाय जपून करावेत. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकते. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा मेंदूपर्यंत पोहोचते. माणसांच्या मिश्र मलमांत तीव्र स्टिरॉइड असते आणि प्राणी ते चाटून टाकतो.

उपचार आता पूर्वीसारखे तोकडे नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले ओक्लॅसिटिनिब आणि नंतर आलेले लोकिवेटमॅब थेट खाजेच्या संदेशावर काम करतात. ॲलर्जीची लस हळू चालते, परिणाम कळायला वर्षही लागते. पण निम्म्याहून अधिक कुत्र्यांना तिचा चांगला उपयोग होतो आणि तरुण कुत्र्यासाठी मी तिचा विचार आधी करेन.

या शाखेत येणाऱ्यांसाठी इथे भरपूर काम आहे. परदेशी तपासणी-संच तिथल्या झाडागवतांचा विचार करून बनलेले असतात. पुण्यात १९५० च्या दशकात नजरेत आलेले गाजर गवत माणसांच्या त्वचेला किती छळते हे आपण जाणतो. आपल्या कुत्र्यांचे काय, कोकणातल्या ओलसर भिंतींच्या घरात धुळीतले माइट त्यांना कोणत्या महिन्यांत त्रास देतात, गावठी कुत्र्यांत हे दुखणे कसे दिसते, हे सारे नीट पाहायला हवे. प्रत्येक केसपेपरवर प्राण्याचे वय, खाज सुरू झालेला महिना, राहती जागा आणि रोजचे जेवण एवढे जरी लिहिले गेले, तरी त्या कामाला सुरुवात होईल.