पाच जिन्नसांचे पन्हे

चैत्र लागला की कल्याण स्टेशनाबाहेर कैऱ्यांच्या टोपल्या दिसू लागतात. मुरबाड-शहापूरकडच्या बाया रायवळ कैऱ्यांचे वाटे लावून बसलेल्या असतात. आपण थोडी घासाघीस करतो, एक वाटा पिशवीत टाकतो आणि गाडी गाठतो. त्या कैऱ्यांचं घरी पुढे काय होतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पन्हे होते. पण या साध्या पन्ह्यालाही इतिहास आहे. पेल्यात काय होते एवढाच तो नव्हे. पेला कोणाच्या हाती गेला आणि कोणाच्या नाही, हाही त्यातच येतो.

आधी नाव पाहू. पन्हे हा शब्द संस्कृत 'पानक' यावरून आला. फळांचा आंबट रस, गूळ किंवा साखर आणि सुगंधी मसाला यांचे पेय म्हणजे पानक. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ते आहे. बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातही राजाच्या खाण्यापिण्याच्या वर्णनात पानकाला जागा आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी. पण ते आपले खाडीकाठचे कल्याण नव्हे, बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. नावाच्या सारखेपणाने पुष्कळांची गफलत होते, म्हणून सांगितले.

आपल्या कल्याणाचा संबंध दुसऱ्याच एका पेयाशी येतो. १६७५ च्या एप्रिलात, म्हणजे ऐन कैऱ्यांच्या दिवसांत, ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर ठाणे, कल्याण, मुरबाड या वाटेने जुन्नरला निघाला होता. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने त्याला बोलावले होते. त्याचे नाव जॉन फ्रायर. शिवाजीमहाराजांच्या अमलाखालच्या कल्याणात त्याने जुन्या वैभवाचे भग्नावशेष पाहिले आणि लिहून ठेवले. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापले गेले. त्याच पुस्तकात तो सांगतो की, या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पंच' नावाचे मादक पेय करतात, आणि पाच जिन्नस असतात म्हणून त्याला हे हिंदुस्थानी नाव पडले आहे. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे ते पाच जिन्नस सामान्यतः सांगतात. ही व्युत्पत्ती सगळ्याच विद्वानांना मान्य नाही. पण मौज अशी की, आपल्या पन्ह्याचे जिन्नस मोजा: कैरी, गूळ, पाणी, वेलची आणि मीठ. तेही पाचच! फरक काय तो दारूचा. १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला, दारूला परवाने आले. पन्ह्याला मात्र कोणाचा परवाना कधी लागला नाही.

आता दुसरा प्रसंग. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे. ठाण्याला तंबू ठोकून त्यांच्या फराळाची सोय केली होती. तो महिना चैत्राचाच, शुद्ध पक्षातला. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत घरोघर चैत्रगौर बसते. म्हणजे तंबूत साहेबांचा फराळ चालू होता, तेव्हा ठाण्याच्या वाड्यांतून गौरीपुढे आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हे मांडलेले असणार. तंबूत कोणाला बोलवायचे याची यादी होती. पण वाड्यातल्या हळदीकुंकवालाही यादी होतीच की!

१ मे १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत गेली. पुढे याच लोहमार्गाच्या आधाराने मुंबईची नोकरदार कुटुंबे डोंबिवली-कल्याणकडे राहायला आली. वाडा गेला, चाळीतल्या दोन खोल्या आल्या, मग फ्लॅट आला. चैत्रगौर मात्र बिऱ्हाडाबरोबर आली. डोंबिवलीत तर १९९९ पासून गुढीपाडव्याची शोभायात्राच निघू लागली. वसंताचा सण घरातून रस्त्यावर आला. घरातली यादी मात्र बरीचशी तीच राहिली. नवरा गेलेली शेजारीण कैऱ्या उकडायला हवी, गर काढायला हवी. पण हळदीकुंकवाच्या वेळी ती आपल्या खोलीचे दार लोटून बसणार. पेला तिच्याकडे गेलाच तर मागाहून, झाकून.

हे बदलता येत नाही असे मात्र नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. खेड्याला जे सुचले, ते शहरातल्या सोसायटीला जड का जावे?

तेव्हा यंदा पन्हे जरूर करा. कैऱ्या उकडून गर काढा. वाटीभर गराला आंबटपणा पाहून दीड ते दोन वाट्या गूळ घाला, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. असल्यास केशराच्या दोन काड्या. आयत्या वेळी माठातले गार पाणी मिसळा. उन्हाने घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ थोडेफार भरून निघते, जिभेला चव येते. पाच जिन्नस झाले.

मात्र पेले मांडताना एक पेला जास्त मांडा. शेजारच्या दारावर थाप द्या आणि सांगा, "काकू, चला, गौरीपुढे बसायला तुम्हीही हव्यात." आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनाबाहेर कैऱ्या घेताना, टोपलीवाल्या मावशीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्याआधी, तिच्या कैरीचे पन्हे तिने स्वतः कधी कोणाच्या घरी बसून प्यायले आहे काय, एवढे एकदा मनाशी विचारून पाहा.