नक्को म्हणणारी बोली

वसमतच्या मुसलमान घरांत जी बोली चालते, तिला घरचे लोकही उर्दू म्हणायला कचरतात. 'नक्को', 'हौ', 'काइकू' आणि शब्दाच्या शेपटीला चिकटणारा 'च'. यातले 'नक्को' आणि 'च' तर सरळ मराठीतून आलेले. वसमत १९४८ पर्यंत निजामी राज्यात, पुढे परभणी जिल्ह्यात आणि १९९९ पासून हिंगोलीत. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. दखनी तीच राहिली. आमचे एक गुरुजी तर "ऐसा नक्को बोलो" असे दटावूनच आम्हाला शुद्ध उर्दू शिकवीत!

ही बोली गावंढळ ठरली केव्हा? वली औरंगाबादी १७०० मध्ये दिल्लीस गेला, तेव्हा तेथील मोठे कवी फारसीत लिहीत होते. १७२० च्या सुमारास त्याचा दीवान तेथे पोहोचला आणि बोलभाषेतही उत्तम गझल होते, हे दिल्लीकरांना उमगले. भलेभले त्याच्या वाटेने गेले. मग मात्र भाषेची घासपूस सुरू झाली. शाह हातिम हा त्याच अनुकरण करणाऱ्यांपैकी एक. १७५० च्या दशकात त्याने आपल्याच जुन्या कवितेतून देशी शब्द निवडून बाजूला काढले आणि 'दीवानजादा' सिद्ध केला. ज्या दख्खनने वाट दाखवली, तिचीच बोली दोन पिढ्यांत उष्टी झाली.

मुंबईच्या सिनेमाने या निवाड्यावर शिक्का मारला. 'गुमनाम' (१९६५) मध्ये मेहमूद दखनी ढंगात बोलतो, पण नोकर म्हणून. त्याचा अभिनय लाजवाब आहे, यात वाद नाही. नायक मनोजकुमार मात्र साफसुथरी हिंदी बोलतो. त्याच काळात गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब (१९२२-१९७८) मुशायऱ्यांत याच बोलीत सासू-सुनेचे आणि हुंड्याचे दुःख हसवत हसवत मांडीत होते. श्रोते त्यांना डोक्यावर घेत. प्रतिष्ठित उर्दू समीक्षेने मात्र त्यांना विनोदी कवींच्या रांगेत बसवून टाकले.

२००५ मध्ये कुंता निखिल यांचा 'द अंग्रेज' आला. मुंबईचा एकही मोठा तारा नाही, झगमगाट नाही. चारमिनारजवळच्या रिकामटेकड्या पोरांच्या गप्पा. इस्माईलभाई (धीरचरण श्रीवास्तव) आणि सलीम फेकू (मस्त अली) यांना खानसामा व्हावे लागले नाही. हा सिनेमा सीडीवरून घरोघर गेला. दखनी ऐकून दखनी माणूसच हसत होता, हे त्यातले नवे.

पुढे मोबाइल आला आणि निर्मात्याचीही गरज संपली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अनेकांची जमवलेली कीर्ती एका रात्रीत पुसली गेली. पोरे दुसऱ्या अ‍ॅपवर गेली. तिथेही ती मोबाइलसमोर उभी राहून 'नक्को'च म्हणतात, आणि खाली कोणीतरी हमखास विचारतो: ही कुठली उर्दू?