औषधी वनस्पतींची जनुकीय विषबाधा चाचणी: हिरडा उत्पादकांसाठी माहिती

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा हे अनेक आदिवासी कुटुंबांचे महत्त्वाचे उत्पन्न आहे. कोवळी फळे वाळवून केलेल्या बाळहिरड्याला औषधांसाठी मागणी असते. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या वनस्पतीची चाचणी कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल.

चाचणी का करावी लागते?
उलटी, जुलाब असा लगेच होणारा त्रास अनुभवातून कळतो. पेशीतील डीएनएला झालेली इजा मात्र अनेक वर्षांनी कर्करोगाच्या रूपात दिसते. तोपर्यंत झाडपाल्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. सर्पदंशावर पारंपरिक वापर असलेल्या ईश्वरीच्या (सापसंद) जातकुळीतील वनस्पतींत अॅरिस्टोलोकिक आम्ल असते. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या औषधात अशी वनस्पती चुकून आली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे बिघडली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

प्रमुख चाचण्या
- एम्स चाचणी: वनस्पतीच्या अर्कामुळे जिवाणूंच्या जनुकांत बदल होतात का, हे पाहतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात हिरड्यातील टॅनिनमुळे काही घातक रसायनांचा परिणाम कमी झालेला आढळला.
- कांदा मूळ चाचणी: कांद्याची मुळे अर्कात वाढवून टोकाकडील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कांद्याची १६ गुणसूत्रे मोठी असल्याने मोडतोड सहज दिसते. ही पद्धत १९३८ पासून वापरात आहे.
- मायक्रोन्यूक्लियस चाचणी: उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशींत तुटलेल्या गुणसूत्रांचे तुकडे शोधतात.

एकाच चाचणीवरून वनस्पती सुरक्षित ठरवू नये. अहवाल वाचताना वनस्पतीचा कोणता भाग, कोणता अर्क आणि किती मात्रा तपासली, हे पाहावे.

तुम्ही काय काळजी घ्यावी?
चांगला हिरडाही ओलसर राहिल्यास त्यावर बुरशी येते. काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन डीएनएला इजा करते आणि ते धुऊन किंवा पुन्हा वाळवून जात नाही.
- फळे स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरून कडकडीत वाळवावीत. पावसाची चिन्हे दिसताच झाकावीत.
- बुरशी आलेला माल चांगल्या मालात मिसळू नये.
- पोती जमिनीला टेकू न देता फळ्यांवर ठेवावीत.
- अनोळखी वनस्पती गोळा करून विकू नये. आधी ओळख पटवून घ्यावी.
- पोत्यावर गाव आणि तोडणीची तारीख लिहावी.