सपाट चमचा : बॉस्टनच्या पाकशाळेची हकिकत

१/ उत्तम स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीबद्दल मराठीत ‘हाताला चव आहे’ असे म्हणतात. चव हातातच असेल, तर ती वर्गात बसून शिकता येईल का? १८७९ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात निघालेल्या एका पाकशाळेने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याने स्वयंपाकघरातील मोजमाप बदलले आणि अनेक स्त्रियांना मिळकतीचा नवा मार्ग दाखवला.

२/ आधी काळ समजून घेऊ. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचे सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. असंख्य घरांतील कर्ता पुरुष गेला. स्त्रीने पैसे मिळवायचे, तर मार्ग मोजके होते : शाळेत शिकवणे, शिवणकाम, कापडगिरणी किंवा दुसऱ्याच्या घरची चाकरी.

३/ त्याच सुमारास घरातली शिकवणही खंडित होत होती. मुली कोवळ्या वयात गिरणीत जात. आयर्लंडहून आलेल्या तरुणी बॉस्टनच्या सधन घरांत स्वयंपाकाला राहत. तिथली लोखंडी शेगडी, तिथले जिन्नस, तिथल्या मालकिणीच्या अपेक्षा, सारेच त्यांना अपरिचित असे. आईने शिकवलेले तिथे फारसे उपयोगी पडत नसे.

४/ पुस्तके होती. पण ती जाणत्यांसाठी. ‘अंड्याएवढे लोणी’, ‘पेलाभर पीठ’ अशी त्यांतली मापे. अंडे केवढे? पेला कोणाच्या घरचा? ज्या स्त्रीला पदार्थ आधीच येत असे, तिलाच ती कृती उलगडे. नवशिकी मात्र जिथल्या तिथेच राही.

५/ बॉस्टनच्या ‘वुमन्स एज्युकेशन असोसिएशन’ या संस्थेने १८७९ च्या मार्च महिन्यात पाकशाळा सुरू केली. उद्देश स्पष्ट होता : गरजू स्त्रियांना स्वयंपाकाचे पद्धतशीर शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे. सुरुवातीच्या शिक्षिकांपैकी मेरी लिंकन यांनी शाळेला शिस्त लावली. १८८४ साली त्यांचे पाकपुस्तकही प्रसिद्ध झाले.

६/ प्रत्यक्षात घडले ते थोडे वेगळे. दिवसभर चाकरी करणाऱ्या स्वयंपाकिणींना वर्गाला यायला सवड कुठली? बाके भरली ती मुख्यतः मध्यमवर्गीय स्त्रियांनी. मग शाळेने आपले क्षेत्र विस्तारले. स्थलांतरितांच्या वस्तीत मोफत वर्ग घेतले, परिचारिकांना रुग्णांचे अन्न शिजवायला शिकवले आणि पाकशिक्षिका घडवायला आरंभ केला. पाककलेची शिक्षिका हा स्त्रियांसाठी नवा, प्रतिष्ठेचा व्यवसाय ठरू लागला.

७/ या शाळेचा सर्वांत मोठा लाभ जिला झाला, ती विद्यार्थिनी म्हणजे फॅनी फार्मर. जन्म १८५७. सोळाव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शिक्षण थांबले, कित्येक वर्षे चालणे दुरापास्त झाले आणि पुढेही लंगडत चालणे जन्माचे सोबती झाले. घरच्यांनी खाणावळवजा बिऱ्हाड चालवले, तिथे त्या स्वयंपाकात रमल्या. तिशी ओलांडण्याच्या सुमारास त्यांनी पाकशाळेत नाव घातले.

८/ १८८९ साली त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. त्या तिथेच साहाय्यक म्हणून राहिल्या आणि काही वर्षांतच शाळेच्या प्रमुख झाल्या. उच्च शिक्षणाची दारे आजाराने बंद केलेल्या स्त्रीसाठी हा एक वर्ग विद्यापीठाच्या जागी आला.

९/ फार्मर यांचे नाव राहिले ते मापामुळे. आपल्याकडे धान्य मोजताना मापावर शीग चढवायची की माप काठोकाठ भरायचे, यावरून वाद होत. चमच्याचेही तसेच. एकीचा चमचा शिगोशीग, दुसरीचा अर्धवट. फार्मर यांचा नियम साधा होता : ठरावीक आकाराचा पेला आणि चमचा घ्यावा, तो भरावा आणि सुरीच्या पात्याने वरचा ढीग काढून सपाट करावा. हे माप त्यांनी शोधले नव्हते. ते सर्वत्र काटेकोर पाळायला त्यांनी लावले.

१०/ १८९६ साली त्यांचे ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ आले. अठराशेहून अधिक कृती त्यात होत्या. ‘लिटल, ब्राउन’ या प्रकाशनसंस्थेला खपाची खात्री वाटेना. तिने केवळ ३,००० प्रती काढल्या आणि छपाईचा खर्च लेखिकेकडून घेतला. पुस्तक इतके चालले की आवृत्तीमागून आवृत्ती निघाली. खर्चाबरोबर हक्कही लेखिकेकडे राहिल्याने नफ्याचा मोठा वाटा त्यांच्याच हाती आला.

११/ पुस्तकाचा आरंभ अन्नातील घटक, अग्नी आणि उष्णता यांच्या माहितीने होतो; कृती नंतर येतात. हीच वर्गाची पद्धत होती. पीठ का फुगते आणि अंडे का घट्ट होते, हे कळलेल्या व्यक्तीला बिघडलेला पदार्थ सुधारता येतो. नुसती कृती पाठ असलेली व्यक्ती अशा वेळी अडते.

१२/ या चळवळीला मर्यादाही होत्या. १८९० साली एलन स्वॅलो रिचर्ड्स आणि मेरी हिन्मन एबल यांनी बॉस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड किचन’ उघडले. स्वस्त आणि पोषक शिजवलेले अन्न कामगारांना विकावे, ही त्यामागची कल्पना. स्थलांतरित कुटुंबांनी मात्र त्याकडे पाठ फिरवली. अन्न शास्त्रशुद्ध होते. पण ते त्यांचे नव्हते. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याची चव विचारली नाही, तर शास्त्रही ताटात उरते.

१३/ महाराष्ट्राशी एक धागा इथे जुळतो. याच वर्षांत पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. त्यांच्या कार्याला साहाय्य करणारी ‘रमाबाई असोसिएशन’ १८८७ साली बॉस्टनमध्येच स्थापन झाली. १८८९ च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. ज्या वर्षी फॅनी फार्मर पाकशाळेतून बाहेर पडल्या, तेच हे वर्ष. परिस्थिती भिन्न, समाज भिन्न. पण निराधार स्त्रीने कोणाच्या दयेवर न जगता कसे उभे राहावे, हा प्रश्न दोन्हीकडे होता आणि दोन्हीकडचे उत्तर शिक्षण हेच होते.

१४/ १९०२ साली बॉस्टनची पाकशाळा सिमन्स कॉलेजमध्ये विलीन झाली. फार्मर यांनी त्याच वर्षी स्वतःची शाळा काढली. तिथे भर गृहिणींच्या आणि परिचारिकांच्या शिक्षणावर होता. १९०४ साली त्यांनी आजारी माणसांच्या आहारावर पुस्तक लिहिले. स्वतः दीर्घ आजार सोसलेल्या या स्त्रीला तेच आपले सर्वांत मोलाचे काम वाटे. या विषयावर त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातही व्याख्याने दिली.

१५/ अखेरच्या वर्षांत त्या चाकाच्या खुर्चीत बसून शिकवत. १९१५ साली त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधीपर्यंत व्याख्याने चालूच होती.

१६/ तर, हाताची चव शिकवता येते का? सगळी नाही. पण तिचा मोठा भाग माप, वेळ आणि आच यांत असतो, आणि तेवढा कोणालाही शिकवता येतो : जिला आई नाही तिला, जी परक्या देशात आली तिला, जिचे पाय साथ देत नाहीत तिलाही. पाकशाळेने स्वयंपाकाचे ज्ञान जन्माच्या योगायोगातून सोडवले. आज कोणत्याही पाकवर्गात चमचा सपाट करायला सांगतात, तेव्हा ही शिकवण पुढे चालू असते.