प्रतिकृती हेलिकॉप्टरसाठी विद्युत् मोटरीची निवड : एक ऐतिहासिक विचार

विद्युत् मोटरीवर उडणाऱ्या प्रतिकृती हेलिकॉप्टरचा इतिहास सांगताना सारे श्रेय घटमालेला देण्याचा प्रघात पडला आहे. लिथियमची हलकी घटमाला उपलब्ध झाली आणि शतकभर जे साधले नव्हते ते साधले, अशी ही मांडणी होय. ती असत्य नाही, परंतु अपुरी आहे. वीज जमिनीवरून तारेने पुरवून, म्हणजे घटमालेच्या वजनाचा प्रश्न बाजूस सारून, केलेले प्रयोग या इतिहासाच्या आरंभीच आढळतात. आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगात मोटरीनेच दगा दिला. मोटरीत उत्पन्न होणारी उष्णता कोठे जाणार, या प्रश्नाच्या अनुरोधाने हा इतिहास पाहिला म्हणजे निवडीची आजची सूत्रे कशी सिद्ध झाली, ते अधिक स्पष्ट होते.

'हेलिकॉप्टर' हा शब्द मोटरीच्या उड्डाणाहून जुना आहे. गुस्ताव्ह द पाँताँ दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने १८६१ साली 'मळसूत्र' आणि 'पंख' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो घडविला. त्याची फोड 'हेलिको' आणि 'प्टर' अशी आहे. पुढे लोकांनी ती 'हेलि' आणि 'कॉप्टर' अशी केली व त्या चुकीच्या फोडीतून 'हेलिपोर्ट'सारखे शब्द निपजले. दामेकूरने आपल्या प्रतिकृतीसाठी वाफेचे यंत्र निवडले होते. विजेचा विचार त्यानंतरच्या पिढीने केला.

तिसांदिए बंधूंनी १८८३ मध्ये आणि रनार व क्रेब्स यांनी १८८४ मध्ये विद्युत् मोटरीवर चालणारी वायुनौका उडविली. या उड्डाणांचे मोठे कौतुक झाले व ते योग्यच होते. तथापि तेथे मोटरीचे काम केवळ पुढे ढकलण्याचे होते. भार उचलण्याचे काम हायड्रोजन करीत असे, त्यामुळे मोटर थांबली तरी नौका पडत नसे. हेलिकॉप्टरात ही सवलत नाही. तेथे मोटरीने प्रत्येक क्षणी सर्व भार तोलून धरावयाचा असतो. गुस्ताव्ह त्रूवे याने १८८७ मध्ये विजेवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरची लहान प्रतिकृती करून दाखविली, तेव्हा घटमाला जमिनीवर ठेवून तारांवाटे वीज पुरविण्याचा मार्ग त्याला पत्करावा लागला.

हाच मार्ग तीस वर्षांनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराने मोठ्या प्रमाणावर अनुसरला. शत्रूच्या गोळीने सहज पेटणाऱ्या निरीक्षक फुग्यांऐवजी दोरांनी बांधलेले हेलिकॉप्टर वापरावे, या हेतूने पेट्रॉची, थिओडोर फॉन कार्मान आणि झुरोव्हेत्स यांनी १९१८ साली 'पीकेझेड-१' हे यंत्र सिद्ध केले. (कार्मान हे पुढे वायुगतिशास्त्रातील अग्रगण्य पंडित म्हणून विख्यात झाले.) ऑस्ट्रो-डाइमलर कारखान्याची १९० अश्वशक्तीची मोटर चार रोटर फिरवीत असे व वीज जमिनीवरून येत असे. हे यंत्र मार्च १९१८ मध्ये उचलले गेले. परंतु अवघ्या चौथ्या उड्डाणात मोटर जळाली आणि तो प्रयोग तेथेच आटोपला. त्याच प्रयत्नातून निघालेल्या दुसऱ्या यंत्रावर पेट्रोलची तीन इंजिने बसविण्यात आली होती. घटमालेचे ओझे नव्हते, शक्तीचा आकडाही भरघोस होता; तरीही मोटर टिकली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हेलिकॉप्टरची मागणी विमानापेक्षा किती कडक असते, हे साध्या गणिताने दाखविता येते. ३ किलोग्रॅम वजनाची आणि १.३५ मीटर व्यासाच्या रोटरची प्रतिकृती घेतली, तर ती हवेत केवळ स्थिर ठेवण्यास आदर्श अवस्थेतही सुमारे ८६ वॅट लागतात. पात्यांचे घर्षण आणि शेपटीचा रोटर जमेस धरता प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास जावे लागते. तेवढ्याच वजनाचे चांगल्या बांधणीचे प्रतिकृती विमान सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर ३० वॅटच्या आसपास उपयुक्त शक्तीत त्याचे भागते. शिवाय विमानाच्या मोटरीवर समोरून वारा येतो. हेलिकॉप्टरची मोटर सांगाड्याच्या पोटात असते. ज्या यंत्राला अधिक उष्णता सोसावी लागते त्यालाच वारा कमी मिळतो.

म्हणूनच विमानात विजेचा प्रवेश आधी झाला. इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांचे 'रेडिओ क्वीन' हे विद्युत् मोटरीचे रेडिओनियंत्रित प्रतिकृती विमान ३० जून १९५७ रोजी रुपे-जस्ताच्या घटमालेवर उडाले. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांच्या रचनेचा 'सिलेंटियस' हा संच ग्राउपनर कारखान्याने १९६० मध्ये विक्रीस आणला. त्यात फाउलहाबर पद्धतीची, लोखंडी गाभा नसलेली लहानशी मोटर दातेरी चाकांनी वेग उतरवून मोठा पंखा फिरवीत असे. मोटर वेगाने फिरू द्यावी आणि पंखा सावकाश, हे निवडीचे पहिले सूत्र येथे हाती आले. हेलिकॉप्टरांत मात्र १९७० च्या सुमारास डीटर श्लूटर यांनी रेडिओनियंत्रित प्रतिकृती यशस्वी केली ती मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनाच्या बळावर. कारण उघड होते. एक किलोग्रॅम मिथेनॉलात सुमारे ५,५०० वॅट-तास ऊर्जा असते. निकेल-कॅडमियम घटमालेत एका किलोग्रॅमला ४० ते ५०. इंजिनाने नऊ-दशांश ऊर्जा वाया घालविली तरी त्याची सरशी होती. आणि ही वाया गेलेली उष्णता बरीचशी धुरावाटे बाहेर पडत असे. मोटरीला असा धुराडाच नाही.

मोटरीच्या बाजूने परिस्थिती पालटली ती तीन दिशांनी. जुन्या मोटरीत ब्रश आणि दिक्परिवर्तक यांच्या घासण्यातून वीज फिरत्या वेटोळ्यांत जाई, आणि फिरत्या भागातील उष्णता बाहेर काढणे दुष्कर असे. विल्सन आणि ट्रिकी यांनी १९६२ मध्ये दिक्परिवर्तनाचे हे काम अर्धसंवाहकांकडून करवून घेणाऱ्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यामुळे वेटोळी स्थिर भागावर आणि चुंबक फिरत्या भागावर, अशी अदलाबदल सोयीची झाली. नंतर १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक स्वतंत्रपणे शोधले. तिसरी दिशा म्हणजे बाहेरचे कवचच फिरणारी मोटर. २००० नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींनी संगणकाच्या तबकडीचालकांतील टाकाऊ मोटरी सोडवून त्यांत जाड तार आणि निओडिमियमचे चुंबक बसविले, व तिचा प्रसार झाला. चुंबक आसापासून दूर गेल्यामुळे त्याच वजनात अधिक पीळ, म्हणजे टॉर्क, मिळू लागला.

आजच्या निवडीत सर्वाधिक घोटाळा 'केव्ही' या आकड्याने होतो. प्रत्येक व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते, एवढाच त्याचा अर्थ. १.३५ मीटरच्या रोटरला मिनिटाला सुमारे २,००० फेरे द्यावयाचे असतील तर पात्यांच्या टोकांचा वेग सेकंदाला १४० मीटरच्या घरात जातो. बारा लिथियम-पॉलिमर घटांची माळ ४४.४ व्होल्ट देते. मोटर ५०० केव्हीची असेल तर भाराविना २२,२०० फेरे होतात. दहास एक या प्रमाणात वेग उतरविला व भाराखाली होणारी घट धरली म्हणजे हवा तो वेग साधतो. येथवर हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब आहे. परंतु केव्ही अधिक म्हणजे मोटर बलवान, हा समज निराधार आहे. तोच साचा, तोच चुंबक ठेवून वेढे निम्मे केले की केव्ही दुप्पट होतो आणि प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा पीळ निम्मा. तेवढ्याच पिळासाठी दुप्पट प्रवाह लागतो. पण तार दुप्पट जाड बसल्याने रोध चतुर्थांशावर येतो आणि तांब्यात निर्माण होणारी उष्णता होती तेवढीच राहते. वेढ्यांनी मोटर घटमालेशी जुळवून घेतली जाते, तिची ताकद वाढत नाही. ताकद ठरते ती तांबे, लोखंड व चुंबक यांच्या वजनावर आणि त्यांना मिळणाऱ्या वाऱ्यावर. म्हणून विक्रेत्याने छापलेला वॅटचा आकडा किती सेकंदांसाठी आहे, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो.

उष्णतेचा कोप एकदा सुरू झाला की तो स्वतःच स्वतःला पोसतो. पीळ दुप्पट मागितला तर तांब्यातील उष्णता चौपट होते. तापमान १०० अंशांनी वाढले की तांब्याचा रोध जवळजवळ ३९ टक्क्यांनी चढतो. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपले सत्त्व गमावू लागतात; चुंबक क्षीण झाला की त्याच पिळासाठी प्रवाह आणखी वाढवावा लागतो. अशी मोटर बाहेरून धडधाकट दिसते, उलट भाराविना ती पूर्वीपेक्षा वेगाने फिरते, आणि अननुभवी माणूस तिला सुधारलेली समजतो.

पृथ्वीवर निदान हवा तरी आहे. मंगळावरील वातावरण पृथ्वीच्या सुमारे एक टक्का घनतेचे. तेथे १९ एप्रिल २०२१ रोजी १.८ किलोग्रॅमचे 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टर उडाले. त्याचे १.२ मीटर व्यासाचे दोन रोटर मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत. त्याच्या मोटरी तयार मालातून निवडलेल्या नव्हत्या; त्यांची वेटोळी हातांनी गुंडाळलेली होती. विरळ हवेमुळे उष्णता वाहून नेण्यास काही नव्हतेच, म्हणून ती मोटरीच्या धातूतच साठू द्यावी आणि धातू फार तापण्यापूर्वी उतरावे, असा हिशेब करण्यात आला. उड्डाणात मोटर प्रत्येक सेकंदाला सुमारे एक अंश सेल्सिअसने तापत असे. १८ जानेवारी २०२४ पर्यंत झालेल्या ७२ उड्डाणांतील सर्वांत दीर्घ उड्डाण १६९ सेकंदांच्या किंचित पुढे गेले.