स्मृतीचा ताप आणि एक पंखा

२००४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या मी अकोल्याच्या घरी संगणकावर टंकलिखित करीत होते. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, त्यात दुपारचे भारनियमन. वीज येई तेवढ्या वेळात काम उरकायचे. त्या आठवड्यात संगणक मध्येच गोठू लागला. कधी निळा पडदा दिसे, कधी तो आपोआप नव्याने सुरू होई. आणि एके दिवशी ओव्यांची फाइल उघडली तेव्हा तिच्या उत्तरार्धात अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी होत्या. रोज रात्री त्याच फ्लॉपीवर त्याच नावाने प्रत घेण्याची माझी शिस्त होती. त्यामुळे फ्लॉपीवरही तीच चिन्हे उतरली होती. ज्या कॅसेटवरून ओव्या उतरवल्या, ती पुढच्या गावी पुन्हा वापरलेली. ओव्या सांगणाऱ्या आजी त्याआधीच्या हिवाळ्यात वारल्या होत्या. सतरा ओव्या गेल्या.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने यंत्राचे झाकण उघडले, मेमरीची पट्टी काढली, तिच्या कडेचे सोनेरी संपर्कबिंदू शाळेतल्या साध्या खोडरबराने घासले, फुंकर मारली आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबून बसवली. मग पिशवीतून ८० मिलिमीटरचा एक पंखा काढून तो तारेने मेमरीच्या समोर टांगला. "मॅडम, रॅम तापत होती," तो म्हणाला. त्यानंतर ते यंत्र विनातक्रार चालले. मेमरीला वारा घातला म्हणून ती भानावर आली, ही समजूत मी पुढे कित्येक वर्षे बाळगली आणि विद्यार्थ्यांनाही सांगितली. परंतु त्या मुलाने एकाच वेळी दोन उपाय केले होते. गुण पंख्याचा की खोडरबराचा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो पडल्यावर संगणकाची स्मृती आणि उष्णता यांच्या संबंधाचा इतिहास वाचणे भाग पडले. तो इतिहास वाटला होता त्याहून उलटसुलट निघाला.

पहिले आश्चर्य असे की, आरंभीच्या काळात स्मृतीला थंड नव्हे, उबदार ठेवावे लागे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमधील एडसॅकसारख्या यंत्रांत स्मृती साठवली जाई ती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमध्ये. विद्युतस्पंदाचे ध्वनीत रूपांतर करून तो पाऱ्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवायचा, तिथे पोचला की पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडायचा. माहिती साठवायची म्हणजे तिला सतत फिरती ठेवायची. पाऱ्यातील ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो. तो बदलला की स्पंद वेळेवर पोचत नाही आणि सगळा हिशेब चुकतो. म्हणून तापमान स्थिर राखणे अटळ होते. पाऱ्याचे ध्वनिगुण नळीच्या टोकांवरील स्फटिकांशी नीट जुळावेत यासाठी पारा सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठेवण्याचीही पद्धत होती.

पुढे १९५३ साली एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रात जे फॉरेस्टर यांच्या पुढाकाराने चुंबकीय कड्यांची स्मृती आली. मण्यांसारख्या बारीक फेराइट कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असत आणि प्रत्येक कडी एक बिट धरून ठेवी. वीज गेली तरी ही स्मृती टिके. पण तापमानाशी तिचाही करार होताच. कडीचे चुंबकत्व पालटण्यासाठी किती प्रवाह लागेल हे तापमानावर ठरते. तेव्हा एक तर प्रवाह तापमानानुसार बदलायचा, नाही तर कड्यांचे तापमानच बांधून टाकायचे. आयबीएमच्या ७०९० या यंत्रात कड्यांचा गठ्ठा तापवलेल्या तेलात बुडवून ठेवलेला असे. आयबीएम १६२० मध्ये त्यासाठी गरम हवा वापरत. सकाळी यंत्र सुरू केल्यावर स्मृती सुमारे ४१ अंशांवर येण्यास अर्धा तासही लागे.

हेच १६२० यंत्र १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आले. उत्तर भारतातील त्या गावी उन्हाळ्यात बाहेरची हवा ४१ अंशांच्या वर सहज जाते. म्हणजे ज्या तापमानाला माणसे सावली शोधतात, ते त्या स्मृतीच्या कामाचे तापमान होते. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेले आणि १९६० साली कार्यान्वित झालेले टिफ्रॅक कड्यांचीच स्मृती वापरीत होते. ४० बिटांचे २०४८ शब्द एवढी तिची धारणा. आज एका लहानशा छायाचित्रालाही ती पुरणार नाही.

ही ऊब संपली ती एका नव्या कल्पनेमुळे. १९६६ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना सुचले की, एक बिट धरून ठेवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. १९६८ साली या रचनेचे पेटंट मिळाले. १९७० साली इंटेलची १०२४ बिटांची ११०३ ही चिप बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत कड्या ओवण्याचा उद्योग मागे पडला. आज आपण ज्याला रॅम म्हणतो ती हीच, डीरॅम.

या स्मृतीचा स्वभाव मुळातून समजून घेण्यासारखा आहे. कपॅसिटर इतका लहान असतो की त्यातील भार सतत गळत राहतो. विसरणे हा या स्मृतीचा अपघात नसून धर्म आहे. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. पाऱ्याच्या नळीतील माहिती फिरत राहून टिके. डीरॅममधील माहिती उजळणी करून टिकते. आणि इथेच उष्णतेचा खरा प्रश्न उद्भवतो. तापमान वाढले की गळती वाढते. म्हणूनच प्रमाणित नियम असा आहे की, चिप ८५ अंशांच्या वर गेली तर उजळणी दुप्पट वेगाने, दर ३२ मिलिसेकंदांनी करावी. तापलेली स्मृती लवकर विसरते, हे वाक्य अलंकारिक नाही. ते शब्दशः खरे आहे.

याची उलट बाजू २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी दाखवली. हवेच्या फवाऱ्याचा डबा उलटा धरून त्यांनी मेमरीच्या चिप उणे ५० अंशांच्या आसपास थंड केल्या आणि वीज तोडली. दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट पुसले गेले होते. वीज गेल्याक्षणी रॅम रिकामी होते, या पाठ्यपुस्तकी विधानावर विसंबून असलेले कूटलेखनाचे गुप्त अंक त्यांनी अशा गारठलेल्या चिपमधून वाचून दाखवले. थंडी स्मृतीला टिकवते. पण जे विसरले जाणे इष्ट होते, तेही टिकवते.

मग घरगुती संगणकातील मेमरीवर पंखा आला कधी आणि का? साध्या पट्टीवरच्या चिप वर्षानुवर्षे उघड्याच असत. कोणी त्यांना वारा घालीत नव्हते. एक पट्टी जेमतेम दोन-चार वॅट वीज खाते. शेजारचा प्रोसेसर तिच्या कितीतरी पट तापतो. बदल झाला तो १९९९-२००० च्या सुमारास, रॅम्बस कंपनीची आरडीरॅम ही मेमरी इंटेलच्या यंत्रांत आली तेव्हा. तिच्या रचनेत पट्टीवरील सर्व चिप मिळून काम वाटून घेत नसत. एका वेळी एखादीच चिप सगळा भार उचले आणि तीच तापे. ती उष्णता पसरावी म्हणून संपूर्ण पट्टीला ॲल्युमिनियमचे कवच चढवले गेले. ते कवच गरजेतून आले होते. महागडी आरडीरॅम काही वर्षांत घरगुती बाजारातून गेली. कवच मात्र राहिले. ज्यांना त्याची गरज नव्हती अशा डीडीआर पट्ट्यांवरही ते निळ्या, तांबड्या, रुपेरी रंगांत चढले. एखाद्या प्रथेचे कारण संपावे आणि प्रथा दागिना होऊन उरावी, याची उदाहरणे संस्कृतीच्या अभ्यासकाला नवी नाहीत.

तथापि सगळेच दागिने नव्हते. त्याच काळात यंत्राला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने पळवणाऱ्या हौशी मंडळींचा एक वर्ग जगभर तयार झाला होता. डीडीआर मेमरीचे प्रमाणित विद्युतदाब २.५ व्होल्ट; विनबॉण्डच्या बीएच-५ या प्रसिद्ध चिपना ही मंडळी ३.३ व्होल्टपर्यंत दाब देत. चिपमध्ये खर्च होणारी ऊर्जा साधारणतः दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे केवळ एवढ्याने ती पावणेदोन पट होते, वेग वाढवल्याने होणारी भर वेगळीच. इथे पंखा खरोखर कामाचा होता. आधी तो तारेने, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधला जाई. मग कंपन्यांनी ही जुगाडाची कल्पना उचलली आणि कॉर्सेअरने आपल्या डॉमिनेटर मेमरीसाठी ४० मिलिमीटरच्या तीन पंख्यांची तयार चौकट विकायला आणली. सर्व्हरच्या जगात २००६च्या सुमारास आलेल्या एफबी-डिम पट्ट्यांवर तर एक जादा नियंत्रक चिपच इतकी तापे की, ॲपलच्या त्या वर्षीच्या मॅक प्रो यंत्रात मेमरीवर भलेमोठे धातूचे पंख बसवावे लागले.

येथे डेनार्ड यांचे नाव पुन्हा घ्यावे लागते. १९७४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरवला, तर तेवढ्याच जागेतील उष्णता वाढत नाही. तीस वर्षे संगणकशास्त्र या आश्वासनावर चालले. २००५च्या आसपास ते प्रोसेसरच्या बाबतीत संपुष्टात आले. दाब आणखी उतरवला की गळतीच हाताबाहेर जाऊ लागली. मेमरीचा दाब मात्र पायरीपायरीने उतरत गेला: डीडीआर २ ला १.८ व्होल्ट, ३ ला १.५, ४ ला १.२ आणि २०२०च्या डीडीआर ५ ला १.१. या उतरणीमुळे मेमरीवरचे पंखे मधल्या काळात जवळजवळ दिसेनासे झाले. डीडीआर ५ मध्ये वीजनियंत्रणाची चिप मदरबोर्डवरून पट्टीवरच आली, वेग वाढले, आणि उजळणीमधील अंतर मुद्दाम लांबवून वेग साधणाऱ्या हौशी मंडळींनी पंखे पुन्हा बाहेर काढले. डेनार्ड २०२४ साली निवर्तले. विसरणारी स्मृती आणि तिचा ताप आटोक्यात ठेवण्याचा नियम, दोन्ही एकाच माणसाची देणगी.

आता मूळ प्रश्न. टोरंटो विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गुगलमधील दोन संशोधक यांनी २००९ साली गुगलच्या असंख्य सर्व्हरमधील मेमरीच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, म्हणजे चुका समजल्या जात होत्या त्याहून पुष्कळ अधिक होत्या. परंतु यंत्रावरील कामाचा बोजा हिशेबात घेतल्यावर तापमानाचा परिणाम आश्चर्य वाटावे इतका थोडा निघाला. प्रयोगशाळेत तापमान निर्णायक ठरते. प्रत्यक्ष वापरात, मर्यादेच्या आत, ते फारसे बिघडवीत नाही.

माझी पट्टी २.५ व्होल्टचीच होती, तिला कोणी पळवीत नव्हते. अकोल्याचा मे कितीही कठोर असला तरी ४५ अंशांच्या खोलीतून ८५ अंशांपर्यंत पोचणे तिला अवघड होते. तेव्हा गुण बहुधा खोडरबराचा. संपर्कबिंदूंवर मळ धरला होता किंवा पट्टी खाचेत सैल झाली होती. 'बहुधा' असे म्हणते, कारण दोन उपाय एकाच वेळी झाल्यावर पुराव्याचे दार बंद होते. त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला यंत्र चालते करायचे होते, प्रबंध लिहायचा नव्हता. पण प्रबंध मी लिहीत होते, आणि दिसला तो उपाय आणि झाला तो परिणाम यांची गाठ मारून मी मोकळी झाले. फिरणारा पंखा डोळ्यांना दिसतो. घासून स्वच्छ झालेला संपर्कबिंदू खाचेत दडतो. श्रेय नेहमी फिरणाऱ्याला मिळते.

आणि ओव्या गेल्या त्या उष्णतेमुळे नव्हेत, मळामुळेही नव्हेत. बिघाड कोणताही असो, त्याने एक प्रत खराब केली. उरलेल्या प्रती मी स्वतः, शिस्तीने, एकीवर एक लिहून पुसल्या. आजींना त्या ओव्या कोणाकडून आल्या होत्या, असे मी त्यांना विचारले होते. सासूकडून, जावेकडून, शेजारणीकडून, असे त्यांचे उत्तर माझ्या टिपणवहीत आहे. त्या स्मृतीला पंखा नव्हता, तेलाची अंघोळ नव्हती. ती दररोज पहाटे उजळली जाई आणि एका वेळी अनेकींच्या तोंडी असे. मी ती अनेकींकडून काढून एका ठिकाणी ठेवली आणि त्याला जतन म्हटले. त्या गावी मी नंतर दोनदा जाऊन आले. सतरांपैकी पाच ओव्या इतर बायांच्या तोंडून मिळाल्या, थोड्या निराळ्या शब्दांत. त्या आता तीन ठिकाणी आहेत.